नवीन पिल्लू, गोव्यातलं घर: त्याला बिझी ठेवायचं कसं आणि त्याचं टेन्शन उतरवायचं कसं

पिल्लू घरी आलं की पहिला आठवडा सगळे फोटो काढतात आणि दुसऱ्या आठवड्यापासून एकच प्रश्न सुरू होतो, हा एवढा उधम करतो, चपला फाडतो, संध्याकाळी पिसाटल्यासारखा घरभर धावतो, ह्याला दमवायचं कसं. मग शेजारचे अंकल किंवा ऑफिसमधला कोणी लॅब्राडोरवाला सांगतोच, अरे रोज सकाळी मिरामारच्या बीचवर नेऊन दोन किलोमीटर पळव, घरी येऊन गप्प झोपेल. नाही झोपणार. उलट रोज पळवलं की त्याचा स्टॅमिना वाढतो, मग त्याला दोनाचे चार किलोमीटर लागतात आणि गुडघे तुमचे जातात. शिवाय पिल्लाच्या हाडांच्या टोकाला वाढीचा जो कच्चा भाग असतो तो लॅब, जर्मन शेफर्ड असल्या मोठ्या जातींत वर्ष-दीड वर्षापर्यंत पक्का झालेला नसतो, त्यामुळे स्कूटरच्या मागे पळवणं, जिन्यावरून सारखं वरखाली, उंचावरून उड्या हे सगळं तेवढे दिवस नकोच.

मी खाली जे सांगते त्यात सगळा भर नाकावर, दातांवर, जिभेवर आणि झोपेवर आहे, पाय सगळ्यात शेवटी येतात. गावठी पिल्लू असो की पैसे मोजून आणलेलं, ह्यात फरक पडत नाही.

१. आधी झोप बघा

दोन-तीन महिन्यांचं पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं, म्हणजे झोपायला पाहिजे. पण आपल्याकडे घर भरलेलं असतं, शाळेतून आलेली मुलं त्याला उठवतात, मग मावशी बघायला येते, मग टीव्ही, मग कोणीतरी मांडीवर घेतं. झोप मोडलेलं पिल्लू संध्याकाळी सहा-सातला घरभर सुटतं, पायाला चावतं, पँट ओढतं, आणि आपल्याला वाटतं ह्याच्यात अजून एनर्जी शिल्लक आहे म्हणून आपण अजून खेळवतो. तिथेच सगळं बिघडतं. अशा वेळी दिवे थोडे कमी करा, काहीतरी चाटायला द्या आणि त्याच्या कोपऱ्यात सोडा, बऱ्याचदा पाच-दहा मिनिटांत आडवं होतं.

ढोबळ हिशोब असा ठेवा की साधारण तासभर जागं, मग दीड-दोन तास झोप, असं दिवसभर फिरत राहायचं. उठलं की आधी बाहेर सू, मग खाणं, परत बाहेर, थोडा खेळ, मग काहीतरी चावायला, मग झोप. सू रोखून धरायचा अंदाज म्हणजे वय जितके महिने त्यात एक मिळवा, तेवढे तास, तेसुद्धा जास्तीत जास्त, त्यामुळे दोन महिन्यांच्या पिल्लाने लादीवर केलं तर त्याच्यावर ओरडण्यात काही अर्थ नाही.

कोपरा हॉलच्या मधोमध नको. आतली खोली, टेबलाखालची जागा, पंखा पोचेल अशी. क्रेट किंवा प्लेपेन घेतलंत तर चांगलंच, फक्त ते शिक्षेची कोठडी करू नका, आत खाणं ठेवा, दार उघडं ठेवा, आपणहून जाऊन झोपायला लागलं की मग दार लावायचं बघा. आणि हो, आपल्या घरांतल्या गुळगुळीत टाइल्सवर पिल्लाचे पाय चारी दिशांना जातात, तिथे गोणपाट किंवा रबरी मॅट टाका, विशेषतः जिथे ते वळण घेऊन धावतं तिथे.

२. लसी चालू असताना जग दाखवायचं

इथे लोक दोन टोकं गाठतात. एक म्हणजे लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घराबाहेर काढायचंच नाही, दुसरं म्हणजे आणल्या दिवसापासून बीचवर. दोन्ही चुकीचं.

पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने बूस्टर, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, आणि रेबीजची तीन महिन्यांच्या सुमारास, मग पुढे दरवर्षी. नेमकं वेळापत्रक तुमचे व्हेट लिहून देतील. ह्या काळात खरी भीती पार्व्होची, म्हणजे पिल्लांना रक्ताचे जुलाब लावणाऱ्या रोगाची, तो व्हायरस मातीत महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे जिथे रस्त्यावरची कुत्री फिरतात, हगतात, तिथे पिल्लाला जमिनीवर ठेवू नका.

पण अडचण अशी की कुत्र्याचं डोकं नवीन गोष्टी सहज मान्य करतं ते साधारण तीन ते चौदा आठवड्यांच्या मध्ये, म्हणजे बरोबर लसी चालू असतानाच. त्यानंतर जे दिसेल त्याच्याबद्दल आधी संशय, मग बाकीचं. म्हणून कडेवर घेऊन फिरा, गाडीत बसवून नेऊन म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या बाजाराच्या कडेला दहा मिनिटं थांबा. मासेवाली, हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, रेनकोट, कदंबा बस, देवळातली घंटा, चर्चची घंटा, गायी, कोंबड्या, शाळेतून सुटलेली पोरं, सगळं लांबून बघू द्या, बघितलं की एक छोटा तुकडा तोंडात, बस. सगळ्यांच्या हातात द्यायचं नाही, पिल्लू म्हणजे चर्चच्या फेस्ताच्या लॉटरीतलं बक्षीस नव्हे. मित्राकडे लस झालेला, शांत स्वभावाचा कुत्रा असेल तर त्यांच्या अंगणात भेट घालून द्या, हे फार उपयोगी पडतं.

रेबीजबद्दल एक सांगायचंच राहतं सगळ्यांचं. मिशन रेबीज ह्या संस्थेची टीम सरकारच्या सोबतीने गोव्यात वाड्यावाड्यावर फिरून कुत्र्यांना मोफत लस देत आलीय आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. पण नियंत्रित म्हणजे संपला असं नव्हे, त्यामुळे आपल्याकडे आता नाहीच म्हणून लस टाळणारे जे आहेत त्यांचं ऐकू नका.

३. नाकाचे खेळ, खरी मजा इथे आहे

कुत्र्याला हुंगण्यात जेवढं डोकं लागतं तेवढं बॉल आणण्यात लागत नाही. दहा-पंधरा मिनिटं नाकाने शोधाशोध केलेलं पिल्लू छान सैल पडतं, आणि बॉल फेकून फेकून दमवलेलं पिल्लू दमतं खरं पण डोळे तसेच टक्क उघडे, धापा टाकत अजून फेक अजून फेक करत राहतं. फरक एकदा बघितलात की कळेल.

सुरुवात एकदम सोपी. त्याचं जेवण वाटीत ओतायचंच नाही. सकाळचं अर्धं डॉगफूड अंगणात, जिथे बाहेरची कुत्री येत नाहीत तिथे, मूठभर पसरून टाका आणि शोध म्हणा. पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांसमोर टाका, मग थोडं लांब, मग तुळशीवृंदावनाच्या मागे, कुंडीच्या कडेला. फ्लॅटमध्ये असाल तर बाल्कनीत किंवा जुन्या पायपुसण्यावर.

मग टॉवेल. जुना टॉवेल पसरा, त्यावर दाणे टाका, गुंडाळी करा आणि द्या त्याला. दोन दिवसांनी गुंडाळीला सैल गाठ मारा. नंतर आप्पेपात्र घ्या, घरात असतंच, प्रत्येक खळग्यात एक दाणा आणि वर टेनिस बॉल, बॉल नाकाने बाजूला सारून खायचं (आईला विचारून घ्या, नाहीतर नवीन आप्पेपात्र आणायची तयारी ठेवा). पार्सलची खोकी येतात ती फेकू नका, टेप आणि पिना काढून टाका, त्यात कागदाचे बोळे आणि मधे मधे खाऊ, फाडू दे त्याला, फाडणं हासुद्धा कुत्र्याचा हक्काचा उद्योग आहे आणि खोकं फाडलं तर सोफा वाचतो. फक्त पुठ्ठा गिळत असेल तर हा खेळ बंद.

त्याला जमायला लागलं की लपवाछपवी. एकाने पिल्लाला धरायचं, दुसऱ्याने दाराच्या मागे लपायचं आणि एकदाच हाक मारायची. सापडलं की खाऊ आणि कौतुक. ह्यात बोलावल्यावर येणं आपोआप शिकलं जातं, वेगळा क्लास लावावा लागत नाही, आणि पोरांनाही काम मिळतं.

ट्रेनिंगसुद्धा ह्याच खात्यात धरा. तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, त्याहून जास्त नको. नाव घेतल्यावर बघणं, बसणं, हाताला नाक लावणं, आणि मॅटवर शांत पडून राहणं. ह्यातलं शेवटचं बल्कांवमध्ये, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून शिकवा, संध्याकाळी तुम्ही तिथल्या बाकावर बसला आहात, रस्त्यावरून लोक जातायत, पिल्लू मॅटवर, गप्प बसलं की मधून मधून एक दाणा. ओरडून, नाक दाबून, साखळीला झटका देऊन शिकवायचं नाही, ते ऐकतं ते भीतीने आणि तीच भीती नंतर दुसरीकडून बाहेर येते.

खाऊ म्हणजे उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, गाजर, काकडी, नखाएवढे तुकडे. सुकी मासळी कितीही आवडली तरी मिठात मुरलेली असते, ती नको. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, मनुका अजिबात नाही, आणि शुगर-फ्री च्युइंगममध्ये झायलिटॉल नावाचा साखरेचा पर्याय असू शकतो, ते तर थेट विष आहे कुत्र्याला, पर्स वर ठेवा.

४. चावणं आणि चाटणं

चौथ्या महिन्याच्या आसपास दुधाचे दात पडायला लागतात आणि साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ दात येतात. ह्या काळात ते चावणारच, तुमच्या हातात एवढंच आहे की काय चावायचं ते ठरवणं. जुना कपडा पाण्यात भिजवून पिळून, दोरीसारखा करून फ्रीझरमध्ये ठेवा, हिरड्यांना बरं वाटतं. रबराची पोकळ खेळणी मिळतात, काँग वगैरे, त्यात दहीभात नाहीतर मऊ शिजवलेली नाचणी भरून गोठवून द्या, अर्धा तास निघतो. चाटण्याने आणि चघळण्याने कुत्रं स्वतःच शांत होतं, त्यामुळे हे नुसतं टाइमपास नाही, दुपारी लाइट गेल्यावर किंवा पाहुणे येणार असतील तेव्हा मुद्दाम वापरा.

आपल्याकडे नारळाचं सोडण, म्हणजे वरचं काथ्याचं साल, टाकतात पुढ्यात. समोर बसून असाल तर चालेल, पण धागे गिळायला लागलं की काढून घ्या, पोटात गोळा होतो. करवंटीचे कपचे उडतात, ती नको. शिजवलेली हाडं नकोत, माशाचे काटे नकोत, आणि मे महिन्यात आंब्याचे बाठे नीट झाकलेल्या डब्यात टाका, बाठा आतड्यात अडकला की ऑपरेशनच. काजूच्या दिवसांत झाडाखाली पडलेले बोंडू आंबतात, त्यात दारू तयार होते, माणसाला हुर्राक आवडतं म्हणून पिल्लाला ते झेपेल असं नाही. ओली बी चावली तर सालातल्या तेलाने तोंड भाजतं ते वेगळंच.

५. फिरायला: कधी, कुठे, किती

किती ह्याला वापरतात तो ठोकताळा, वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. चार महिन्यांचं असेल तर वीस मिनिटं. हा काही कोणी प्रयोग करून काढलेला नियम नाही, पण अति होऊ नये म्हणून बरा आहे. ही मिनिटं लीशवर सरळ चालवण्याची, अंगणात स्वतःच्या मनाने हुंगत फिरतं ते ह्यात धरू नका.

कधी म्हणाल तर सकाळी साडेसातच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर, मार्च ते मे तर काटेकोर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून थंड होतं, आणि आपल्या दमट हवेत ती धाप पुरी पडत नाही, म्हणून ३३ डिग्री गोव्यात जास्त लागतं. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला ठेववत नसेल तर त्याच्या पंज्यांनाही नाही. वाळूही तशीच तापते. पग, बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्यांना अजून सांभाळा, आणि हस्की आणलात तर, आता आणलात, काय बोलणार, त्याला दुपारी पंख्याखालीच ठेवा.

अडखळत चालणं, जीभ गडद लाल, जाड लाळ, उलटी, असं काही दिसलं तर ऊन लागलंय. आधी सावलीत घ्या, साधं पाणी अंगावर सतत ओता, वारा घाला, आणि मग लगेच व्हेटकडे. कुत्र्याचं नॉर्मल तापमान ३८.३ ते ३९.२ सेल्सियस असतं, ४१ च्या वर गेलं की आतले अवयव बिघडायला लागतात, त्यामुळे गाडी शोधत बसून ओतायचं पाणी उशिरा करू नका.

कुठे? माझ्या मते समुद्रापेक्षा मळा चांगला. भात कापून झाल्यावर मोकळी शेतं, खाजनाचा (खाडीकाठच्या शेतीचा) बांध, कुळागराची (सुपारी-नारळाच्या बागेची) वाट, हार्नेस घालून पाचेक मीटरची लांब दोरी लावा आणि त्याच्या नाकामागून तुम्ही चाला. एका झुडपापाशी तीन मिनिटं उभं राहिलं तर राहू द्या, ओढू नका, ते आपला पेपर वाचतंय. पंधरा मिनिटांत शंभर मीटर झाले तरी वॉक मस्त झाला. गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, भोकांत मात्र तोंड घालू देऊ नका, घोणस, नाग, फुरसं, मण्यार सगळे आहेत आपल्याकडे. चावल्याचा नुसता संशय आला तरी चालवायचं नाही, उचलून थेट दवाखाना, पट्टी बांधणं आणि मंत्र घालणं नंतर.

बीचवर गेलात तर प्यायचं पाणी घरून न्या, खारं पाणी प्यालं की उलट्या आणि जुलाब. किनाऱ्याला लागलेले जेलिफिश मेलेले असले तरी डंख मारतात, फुगलेले केंड मासे विषारी असतात, आणि पिल्लाला नेमकं तेच तोंडात घ्यायचं असतं. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग ह्या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबरपासून एप्रिल-मेपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, वनखातं घरट्यांना कुंपण करतं, तिथे कुत्रं मोकळं सोडायचंच नाही, उकरलं की संपलं. आणि पोहायला म्हणून कुंभारजुव्याच्या कालव्यात उतरवू नका, तिथे मगरी आहेत, खरंच आहेत.

घरी आलं की गोचिडी बघा, कानाच्या आत, मानेखाली पट्ट्याच्या जागी, बोटांच्या मधे, शेपटीखाली. गोचिडतापाने आपल्याकडे खूप कुत्री आजारी पडतात. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत, तो जंगलातल्या गोचिडींतून माणसाला होतो, त्यामुळे त्या बाजूला कोरड्या महिन्यांत रानात, काजूत कुत्रं नेत असाल तर त्याच्या अंगावरून त्या घरात येणार नाहीत हे बघा, आणि शक्यतो नेऊच नका. औषध वजनाप्रमाणे व्हेटकडूनच. गुरांसाठीचं गोचिडाचं औषध पाण्यात घालून पिल्लाला आंघोळ घालायची पद्धत गावात आहे, ती बंद करा, प्रमाण चुकलं की फिट्स येतात.

६. पावसाळ्यात काय

जून ते सप्टेंबर, बाहेर धो धो, पिल्लू घरात, आणि घरचे सगळे वैतागलेले. ह्याच चार महिन्यांत वरचे नाकाचे खेळ कामाला येतात, रोज दोन वेगळे करा, तेच तेच नको. पाऊस थोडा थांबला की सू आणि पाच मिनिटं हुंगणं. परत आल्यावर पंजे, बोटांच्या मधली जागा, पोट आणि कान कोरडे पुसा, लोंबत्या कानांच्या कुत्र्यांचे कान ह्या हवेत लगेच सडायला लागतात आणि खाज सुटलेलं कुत्रं चिडचिडं होतं, त्याला आपण स्वभाव म्हणतो.

साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो, त्याची लस नेहमीच्या लसीत आहे का ते विचारून घ्या. रात्री अंगणात मोठे बेडूक, म्हणजे ते खरबरीत अंगाचे भेक, पिल्लू पकडायला जातं आणि तोंडातून फेस येतो. तोंड खाली करून वाहत्या पाण्याने बाजूने धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका, थरथर किंवा झोकांड्या दिसल्या तर थांबू नका, थेट व्हेटकडे. गावात बिबट्याचा वावर असेल तर रात्री कुत्रं आत, साखळीला बांधून अंगणात तर कधीच नाही.

७. टेन्शन आलंय हे ओळखायचं कसं

गुरगुरणं ही चावण्याआधीची शेवटची पायरी असते, त्याआधी बिचाऱ्याने पाच वेळा सांगितलेलं असतं. झोप आलेली नसताना जांभई, खाणं नसताना ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, एक पाय उचलून थबकणं, कान मागे, शेपूट पोटाखाली, अंग कोरडं असताना भिजल्यासारखं झटकणं, ऊन नसताना धापा, आणि नेहमी आवडणारा खाऊ न घेणं. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे असंही नाही, अंग ताठ आणि शेपूट वर करून जोरात हलवणारं कुत्रं मैत्री करायला आलेलं नसतं.

ह्यातलं काही दिसलं की करायचं एकच, अंतर वाढवा. मुलगा मिठी मारतोय, मुलाला बाजूला घ्या. रस्त्यावरची कुत्री समोर आली, लांबून वळा. गुरगुरल्याबद्दल मारू नका, मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरायचं सोडतं आणि सरळ चावतं.

अजून एक, टेन्शन साठत जातं. सकाळी व्हेटकडे इंजेक्शन, दुपारी पाहुणे, संध्याकाळी गडगडाट, आणि रात्री ते काकांना चावलं, मग सगळे म्हणतात अचानक चावलं. अचानक काही नव्हतं. असा दिवस गेला की पुढचे एक-दोन दिवस हलके ठेवा, नवीन काही नको, घरात चाटायला, शोधायला द्या.

८. पोदेरचा हॉर्न ते नरकासुर

आपल्याकडे आवाजांची कमी नाही, म्हणून हे लवकर सुरू करा. सकाळ-संध्याकाळ पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पोंय पोंय करत येतो आणि वाड्यावरची सगळी कुत्री पेटतात, तुमचं पिल्लूही शिकतं की हा आवाज म्हणजे भुंकायचं. हाच आवाज सरावासाठी उत्तम आहे कारण तो रोज ठरलेल्या वेळी येतो. आधी मोबाइलवर रेकॉर्ड करा, एकदम हळू वाजवा, आवाज झाला की लगेच चिकनचा तुकडा. आधी आवाज, मग तुकडा, हा क्रम उलटा करू नका. पिल्लू आवाज ऐकून तुमच्याकडे बघायला लागलं की व्हॉल्यूम किंचित वाढवा. घाबरलं तर तुम्ही घाई केलीत, एक पायरी खाली या. मग खरा पोदेर आल्यावर घराच्या आतून, मग बल्कांवमधून, मग गेटपाशी. मासेवाल्याच्या स्कूटरचा भोंगा, मिक्सर, प्रेशर कुकरची शिट्टी, सगळ्याला हीच रीत.

फटाक्यांचंही तसंच, पण ते चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी सुरू करून उपयोग नाही, दोन-तीन महिने आधीपासून रेकॉर्डिंग लावा. शिगम्याच्या रोमटामेळातले ढोल-ताशे पिल्लाला जवळून दाखवायची काही गरज नाही, मिरवणूक बघायची हौस आपली असते, त्याची नाही.

खऱ्या रात्री, म्हणजे चवथ, दिवाळीच्या आदली नरकासुराची रात्र, फेस्त, जत्रा, एकतीस डिसेंबर, काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. नरकासुराला तर पहाटेपर्यंत स्पीकर असतात. संध्याकाळी लवकर फिरवून, जेवण देऊन मोकळे व्हा. घरातली सगळ्यात आतली खोली, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा फुल, टीव्ही किंवा गाणी चालू, आणि त्याचा तो कोपरा. दारं-गेटं दोनदा बघा, फटाक्यांच्या रात्री घाबरून पळालेली कुत्री दुसऱ्या दिवशी सापडत नाहीत, गळ्यात फोन नंबर असलेला पट्टा त्या रात्री काढू नका. पलंगाखाली शिरलं तर ओढून काढू नका.

जवळ घेऊ का, कुरवाळलं तर भीती वाढते म्हणतात? नाही वाढत. भीती ही काही खाऊसाठी केलेली ट्रिक नव्हे. ते तुमच्याकडे आलं तर घ्या जवळ, शांत आवाजात बोला, नुसते बाजूला बसून राहा. लांब बसायचं असेल तर बसू द्या.

दरवर्षी थरथरत असेल, लाळ गाळत असेल, दार खरवडत असेल, तर सणाच्या काही आठवडे आधी व्हेटशी बोला. भीती कमी करणारी औषधं असतात आणि ती आवाज सुरू व्हायच्या आधी द्यायची असतात. नुसतं गुंगी आणणारं देऊ नका, काही औषधांनी शरीर लुळं पडतं पण कुत्रं आतून तेवढंच घाबरलेलं राहतं, हा प्रश्न स्पष्ट विचारा. आणि घरातली माणसांची झोपेची किंवा दुखण्याची गोळी तर विचारही नको.

९. एकटं राहायची सवय

दोघंही पणजीला किंवा वेर्ण्याला नोकरीला असाल तर हे पहिल्या आठवड्यापासून. खोलीच्या बाहेर जा, दहा सेकंदांत परत या, काही बोलू नका. मग मिनिट, मग पाच, चप्पल घालून किल्ली वाजवून परत बसा, म्हणजे किल्लीचा आवाज म्हणजे संकट असं डोक्यात बसत नाही. जाताना गोठवलेलं खेळणं. लहान पिल्लाला तीन-चार तासांहून जास्त एकटं ठेवायचं नाही, आजी-आजोबा, शेजारी, कोणालातरी दुपारी एक फेरी मारायला सांगा. टेरेसवर किंवा गेटला बांधून जाणं ह्याला एकटं राहायला शिकवणं म्हणत नाहीत.

१०. आणि हे दिसलं तर खेळ बंद, दवाखाना

एक वेळचं खाणं सोडलं तर लक्ष ठेवा, पण चार महिन्यांच्या आतलं पिल्लू मलूल पडलं, उलट्या, रक्ताचे जुलाब, तर त्याच दिवशी, सकाळची वाट न बघता. ताप, फिकट हिरड्या, लघवी गडद असेल तर गोचिडताप डोक्यात ठेवा. एकदम चिडकं झालं, हात लावू देत नाही, जिना चढत नाही, तर आधी दुखणं शोधा, ट्रेनर नंतर. शेपटीमागे गरगर फिरणं, पंजा चाटून चाटून जखम करणं, सावलीकडे बघून तासन्तास भुंकणं, हेही व्हेटला सांगायचं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने जवळपास आहेत, पण रात्री कोण उघडं असतं ते आधीच विचारून नंबर फ्रिजवर लावून ठेवा. आणि घरी जे विचित्र वागणं दिसतं त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, कारण डॉक्टरांच्या टेबलावर चढवल्यावर ते एकदम साळसूद होतं आणि तुम्ही सांगताय त्यातलं काहीच करून दाखवत नाही.